तीन बोटांची मूठ

मायनं चुलीवरून चहाचा गंज उचलला तो खाली ठेवलाच नाही. डाव्या हातानं पदराच्या घडीत काठ धरलेला, उजवा हात बुडाखाली, आणि ती मला एस्टीतली गोष्ट सांगत होती. नेरहून निघताना तिच्या शेजारी एक बाई मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती आणि कंडक्टरनं कोंबडीचं तिकीट मागितलं. "मी म्हटलं, कोंबडी सीटवर कुठे बसली हाय बापा? बाईच्या मांडीवर हाय. मांडीचं तिकीट काढलं तिनं." मी भांडी पालथी घालत हसत होते. मग वास आला. कंदिलाच्या तापल्या काचेला केस चिकटला की येतो तसा. वळून पाहिलं तर मायची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गंजाच्या काळ्या बुडाला टेकलेलं, आणि माय अजून कंडक्टरची नक्कल करतच होती. मी झेप घेऊन गंज ओढला, चहा सांडला, माझ्या मधल्या बोटाचं टोक चांगलं भाजलं आणि मी किंचाळले. माय माझ्यावरच रागावली. "अवो पर्भे, गरम हाय ना तो! कपडा घेऊन धरा लागते. चाळिशी उलटली अन् तुले अजून समजत नाई?"

तिच्या करंगळीच्या कडेनं, पार तळव्यापर्यंत, पांढुरका पट्टा उठला होता. ती पाणी घालून चूल सारवायला लागली, त्याच हातानं. मी विचारलं, "दुखते का?" ती म्हणाली, "नाई वो. माह्या हाताले आता काईच दुखत नाई. तुह्या मुठीनं सारं बरं केलं ना."

हे वाक्य मी दोन वर्षं ऐकत होते. दरवेळी ऐकलं की छाती भरून यायची. त्या दिवशी सकाळी, माझं बोट माठाच्या पाण्यात बुडवून मी उभी होते, बोट ठणकत होतं, आणि तेच वाक्य कुणी उलटं करून शिवल्यासारखं मला दिसलं. सगळे टाके बाहेर आलेले.

आमचं दुकान म्हणजे यवतमाळच्या बसस्टँडमागच्या गल्लीतली टिनाची शेड. देवराव, म्हणजे माझा नवरा, खरादावर लाकूड चढवतात, मी पायानं पट्टा फिरवते, असं आमचं सुरुवातीला होतं. पुढं मी काचकागद मारायला लागले आणि त्यातून अवजारांच्या मुठींचं वेड माझ्या अंगाला चिकटलं. कुऱ्हाडीला धावडा, विळ्याला तिवस, ज्याला घाई आहे त्याला बाभूळ. शाळेत मी गेले नाही. छप्पन साली नागपूरहून सगळी वस्ती दीक्षा घेऊन परत आली तेव्हा तिशीच्या पुढं असून पोरींच्या पाटीवर अक्षरं गिरवली. वाचता येऊ लागलं तसं वाटायला लागलं की बाकीच्या गोष्टीही गिरवून येत असतील. पुस्तकात मुठीबद्दल काही मिळालं नाही. मुठीबद्दल कुणी लिहितच नाही, लोखंडाबद्दल लिहितात. विळ्याचं पातं किती वाकडं, दाते किती, पाणी कसं द्यायचं, हे लोहाराला तोंडपाठ. आणि मूठ म्हणजे काय, तर पात्याच्या शेपटीला अडकवलेला लाकडाचा तुकडा, पुरुषानं पुरुषाच्या तळहातावर तोलून बघितलेला. निंदायला मात्र बसतात बाया. दिवसभर उकिडव्या, तासामागून तास, आणि मुठीत न मावणारी मूठ दाबून धरायची म्हणून सारा जोर बोटांच्या शेवटल्या पेरांवर. संध्याकाळी बाया हात उघडत नाहीत, दुसऱ्या हातानं एकेक बोट उलगडतात. मी माझ्या मायला असं करताना लहानपणापासून पाहत आले होते. मला वाटायचं ती बोटं मोजतेय, सगळी परत आली का म्हणून.

तर मी दुकानात येणाऱ्या बायांना विचारायला लागले, कुठे दुखते? हेच माझं माप. फूटपट्टी नंतर. आधी बाई सांगायची, इथं. अंगठ्याच्या बुडाशी म्हणाली तर मूठ जाड आहे. मनगटात म्हणाली तर पात्याचा कोन चुकलाय. तळव्याच्या मध्ये घट्टा दाखवला तर मुठीचं टोक लांब काढायचं, तळव्याच्या बाहेर. सुरुवातीला हसायच्या. तानाबाई, शेतात मायच्या शेजारच्या तासात, म्हणजे पिकाच्या ओळीत, बसणारी, जिचं तोंड विळ्यापेक्षा जास्त चालतं, ती एकदा बाजाराला आली होती. तिला विचारलं तर म्हणाली, "कुठे दुखते म्हणून काय इचारतं पोरी, कुठे दुखत नाई ते इचार. लवकर सांगून होईन." देवराव खरादामागून हसले. पण मग तीच तानाबाई खाली बसली आणि तिनं हात पुढं केला. बायांना कुणी हे विचारलेलंच नसतं. एकदा विचारलं की त्या हाताचं सांगता सांगता खांद्यावर येतात, खांद्यावरून पाठीवर, पाठीवरून सासूवर. मी ऐकायची आणि काचकागद मारायची. दुखणं नेमकं सांगणारी बाई भेटली की मूठ निम्मी झालेलीच असे.

मायला मी सगळ्यात शेवटी विचारलं. आपल्या माणसाला विचारायचं राहूनच जातं. बासष्टचा उन्हाळा होता, ती अशीच मिरग लागायच्या आधी विळ्याची मूठ घट्ट करून घ्यायला आली होती. त्याच्या आदल्या वर्षी तिच्या हातातून विळा सारखा निसटायचा. गावातल्या वैदूनं वात सांगितला, तेल दिलं. कोपरापासून करंगळीपर्यंत मुंग्या येतात, कळ जाते, असं ती म्हणायची. रात्री हात उशाखाली दाबून झोपायची. मी चिकणमाती मळली. भाकरीच्या पिठासारखी, थोडी घट्ट. विळ्याच्या शेपटीला तिचा गोळा लावला आणि म्हटलं, "धर माय, जशी शेतात धरते तशी." तिला ती परीक्षा वाटली. ती पदर सावरून, नीट बसून, शाळेतल्या पोरीसारखी ओठ दाबून मूठ आवळायला लागली. सोडली तेव्हा मातीत अंगठा खोल, पहिलं बोट खोल, मधलं खोल. पुढची दोन मात्र नुसती टेकल्यासारखी. पाण्यावर पान पडतं तेवढा ठसा.

मी दुसऱ्यांदा धरायला लावलं. तेच. तिसऱ्यांदा तेच. आणि मी, मुठीतली मोठी जाणकार, काय म्हणाले? मी म्हणाले, ही भाकरीची सवय. आमच्याकडच्या बाया भाकर थापताना शेवटची दोन बोटं किंचित उचलून धरतात, भाकरीची कड फाटू नये म्हणून. जन्मभर थापून थापून बोटांना तोच चाळा लागतो. मला माझाच अभिमान वाटला, की बघ, पुस्तकात नसलेलं मला चुलीवरून कळलं. मी तिवसाची मूठ काढली. वरच्या अंगाला तीन बोटांना तीन खोबणी, खाली शेवटाकडे बारीक, आणि टोकाला मागं वळलेला एक आकडा, म्हणजे शेवटल्या दोन बोटांनी धरायचं कामच पडू नये. मूठ आपोआप तळव्यात अडकून राहावी. देवराव म्हणाले, "हे काय बदकाची मान काढली?" पण त्यांनीच ती तेल पाजून उन्हात ठेवली.

दिवाळीत माय आली ती सांगतच आली. इळा निसटत नाही. हातातून सुटतच नाही. आधी दुखणं कमी झालं, मग कळ गेली, आता मुंग्याही नाहीत. "आता दुखतच नाई वो पर्भे. हात हाय का नाई, समजतच नाई!" आणि आम्ही सगळे हसलो. मला शब्दन् शब्द आठवतो. मी तिच्या ताटात साखर वाढली.

त्यानंतरचं सगळं पटापट झालं. ग्रामसेविका विमलताई दुकानात आल्या, मूठ हातात फिरवत राहिल्या, आणि त्रेसष्टला नेरला सुधारित अवजारांचं प्रदर्शन भरलं तिथं त्यांनी ती मांडली. पाण्याचे पंप, पेरणीची पाभर, औषध मारायचा फवारा, आणि एका टेबलावर, निळ्या कागदावर, माझ्या मायची मूठ. प्रशस्तिपत्र मिळालं. त्यावर नाव देवरावांचं, कारण अर्ज दुकानाच्या नावानं होता. विमलताई फार हळहळल्या. मी म्हटलं, राहू द्या ताई, मुठीवर कुठे नाव लिहिलेलं असतं. मनात मात्र लागलं, खोटं कशाला बोलू. पण मायनं प्रदर्शनात सगळ्यांसमोर विळा धरून दाखवला. दाढीवाले एक साहेब खाली वाकून म्हणाले, "आजी, त्रास होत नाही ना?" आणि माय छाती काढून म्हणाली, "काईच दुखत नाई साहेब." त्या वाक्यावर टाळ्या पडल्या.

मूठ चालायला लागली. आम्ही दिवसाला वीस काढू लागलो. ढाणकीच्या बाजारातून मागणी, उमरखेडच्या एका दुकानदाराची चिठ्ठी. बाया म्हणायच्या, बरी आहे, हलकी आहे, मनगट भरून येत नाही. खरंच बरी होती ती. हीच तर गंमत. शेवटल्या दोन बोटांना सुट्टी मिळाली की कुणाच्याही हाताला आराम पडतो. त्या तेवढ्या सगळ्या बाया, अमक्या गावच्या, तमक्या शेतातल्या, माझ्या मायची लुळी पडत चाललेली दोन बोटं आपल्या मुठीत धरून निंदत होत्या, आणि हे कुणाला माहीत नव्हतं, मला तर नव्हतंच.

नव्हतं का? माठाच्या पाण्यात बोट बुडवून उभी असताना मी एकेक आठवत गेले. मागच्या वेचणीच्या वेळी मी गावी गेले होते. बोंडाची टोकं सुकल्यावर काट्यासारखी होतात, वेचणाऱ्या बाया दिवसभर स्स करत असतात. माय गप्प वेचत होती. ओटीतून कापूस काढला तर तिच्या वाट्याच्या कापसावर लाल ठिपके. मी म्हटलं, माय, रक्त. तिनं हाताकडे असं पाहिलं जसं शेजारणीच्या हाताकडे पाहावं. "लागलं असन कुठे." मला वाटलं, माझी माय कणखर. मग तो चुडा. करंगळीकडून हात बारीक होत चाललेला, चुडा सैल होऊन खाली घसरायचा, मला वाटलं वय झालं. मग सुईत दोरा न ओवता येणं, मला वाटलं डोळे. माझ्याजवळ प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. जगाला कुठे दुखते हे विचारत फिरणारी बाई मी. न दुखणाऱ्या हाताला काय विचारायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही शिकले नव्हते.

दवाखान्यात आम्ही पायीच गेलो. मायला यायचं नव्हतं. "एवढ्याशा फोडाले दवाखाना? हळद लाव." मी माझं बोट दाखवलं, म्हटलं, मलाच दाखवायचं आहे, तू सोबत चल. तेव्हा निघाली. पिशवी घेतली, पिशवीत विळा. दवाखान्यानंतर दुकानात जाऊन लगेच मूठ घट्ट करून घेऊ, परवा परत जायचं आहे, तानाबाईनं तासातली जागा धरून ठेवली आहे, असं सगळं ठरवूनच ती चालत होती. ऊन चढलं होतं. ती पुढं, मी मागं. तिचा उजवा हात चालताना हलत नव्हता हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मांडीशी नीट ठेवलेला, कुणाचं तरी सामान सांभाळायला घेतल्यासारखा.

डॉक्टरांनी मायचा फोड पाहिला आणि आम्हाला मागच्या खोलीत पाठवलं. तिथं एक तपासनीस होते, म्हातारे, शांत, बाहीला शाईचा डाग. गावोगाव सायकलवर फिरून लोकांची कातडी तपासायचे, आता पाय थकले म्हणून खोलीत बसत. त्यांनी मायचं कोपर वाकवलं, आतल्या बाजूनं बोट फिरवलं आणि थांबले. मग माझं बोट धरून तिथं ठेवलं. कातडीखाली सुतळी होती. जाड, गाठीगाठीची. आईच्या अंगात आपल्याला ठाऊक नसलेली एक सुतळी. नंतर त्यांनी डब्यातून कापूस काढला. चिमूटभर ओढून त्याची वात केली. मायनं ते पाहिलं आणि सवयीनं बोलली, "धागा आखूड हाय. कुठचा कापूस हाय हा?" ते हसले. म्हणाले, "बाई, आता डोळे मिटा. मी जिथं लावीन तिथं डाव्या हातानं दाखवा."

मायनं डोळे मिटले. पुन्हा ती परीक्षा. पुन्हा तेच ओठ दाबणं. त्यांनी कापूस अंगठ्याला लावला, तिनं बरोबर दाखवलं, आणि हसली. पहिल्या बोटाला, बरोबर. करंगळीला लावला. माय वाट पाहत होती. त्यांनी पुन्हा लावला. ती वाट पाहतच होती. खोलीत पंखा नव्हता, बाहेर कुणीतरी बादली ओढत होतं. तिला कळलं की वेळ फार गेला आहे. कळलं की इथं काहीतरी उत्तर द्यायचं होतं. तेव्हा तिनं अंदाजानं कोपर दाखवलं. मग आमच्या गप्प बसण्यावरून ते चुकलं हे ओळखून मनगट दाखवलं. मग पापणी किंचित उघडली. मी पाहिलं. माझी माय परीक्षेत चोरून बघत होती, आणि तपासनीसांनी, देव नाही म्हणतो आम्ही, पण जे काय असेल ते त्यांचं भलं करो, तोंड दुसरीकडे वळवलं आणि तिला बघू दिलं. "हे, इथं," माय करंगळीवर बोट ठेवून म्हणाली. "इथं लावला ना?"

जन्मभर वेचलेला कापूस.

"हाव माय," मी म्हटलं. "इथंच."

त्यांनी मला बाजूला घेऊन रोगाचं नाव सांगितलं. मी ते इथं लिहीत नाही. आमच्या गल्लीत ते नाव दार लावून घेतात आणि मगच उच्चारतात. पसरणाऱ्यातला नाही, म्हणाले, घाबरू नका. गोळ्या फुकट मिळतात, वर्षानुवर्षं घ्याव्या लागतील. रोग थांबेल. गेलेली शीर परत येत नाही. "दोन वर्षं आधी आणलं असतं तर," एवढं म्हणून त्यांनी पुढचं वाक्य गिळलं. मग मायला म्हणाले, "बाई, इतके दिवस शेतात काम कसं केलं तुम्ही?" मायला हा प्रश्न आवडला. तिनं पिशवीतून विळा काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी मूठ धरली. उलटी करून धरली. चष्मा वर करून तो आकडा पाहिला, खोबणी पाहिल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा! कुणी केली ही? आमच्या अशाच रोग्यांसाठी मुद्दाम केलेली दिसते. शेवटची दोन बोटं चालत नसली तरी सुटणार नाही. फार डोक्यानं केलंय. ह्या मुठीमुळेच दोन वर्षं निभावलं तुमचं."

"माह्या पोरीनं," माय म्हणाली. तिच्या आवाजात प्रदर्शनातली टाळी होती.

विळ्याला साधी मूठ असती तर तो निसटला असता. चारदा निसटला असता, पाचव्यांदा मुकादमानं घरी बसवली असती. घरी बसली असती तर मी आणली असती इथं. बासष्टमध्येच. हे सगळं मला एका दमात दिसलं आणि त्या दमातच अडकून बसलं. मी इतकी चांगली मूठ केली की आजाराला दोन वर्षं कुणी हाक मारली नाही.

परत येताना आम्ही दुकानात गेलो नाही. मायला वाटेत कळलं असावं. तपासनीस हळू बोलले होते, पण त्या नावाला हळू बोलून काही होत नाही. ती बोलायची थांबली, आणि माय बोलायची थांबली की रस्ताच लांब होतो. घराच्या पायरीशी येऊन ती म्हणाली, "पर्भे."

"काय माय?"

"आता पुन्हा लांबूनच पाणी घ्या लागीन का वो?"

मी काहीतरी बोलले. म्हटलं, पसरणारा नाही म्हणाले ते, कुणाला सांगायची गरज नाही, गोळ्या घे, थांबते. ती ऐकत होती, मान हलवत होती. आत जाऊन तिनं सकाळचा राहिलेला चहा गरम केला. या वेळी फडकं घेऊन धरला, दोन्ही हातांनी, गंजाकडे टक लावून. चहा प्यायली. कपबशी धुतली, आणि मांडणीवर न ठेवता बाहेर नेऊन पायरीच्या कडेला पालथी घातली. कुणी सांगितलं नव्हतं. हात विसरला होता, पण तिच्यातलं काहीतरी हे विसरलं नव्हतं. दीक्षेनंतरच्या आठ वर्षांत आम्ही कितीही पुसून काढलं म्हणून काय झालं. मी उठून आणायला हवी होती ती कपबशी. मी माझ्या बोटाच्या फोडाकडे बघत बसले.

देवराव जेवायला आले, त्यांनी पायरीवरची कपबशी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. "बुढी काय म्हणते?" एवढंच विचारलं त्यांनी. मी म्हटलं, परवा जायचं म्हणते, तास धरलाय. ते बाहेर गेले, कपबशी उचलून आणली, पुन्हा धुतली आणि मांडणीवर बाकीच्यांबरोबर ठेवली. सगळ्यात शेवटी ठेवली. शेवटी कोणती तरी ठेवावीच लागते. मी त्यावर विचार करायचा नाही असं ठरवलं आणि अजून करतेय.

दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली. विळा पुढ्यात ठेवला. "मूठ ढिली झाली हाय. बनवून दे."

"माय, तू आता निंदायला जायचं नाही."

"कायले नाई?"

"विळा लागेल, तुला समजायचं नाही. रक्त येईल, तरी तू निंदत राहशील. जखम सडेल. ते म्हणाले ना, रोज हात डोळ्यांनी तपासायचे म्हणून."

"मंग तपासन ना. तपासत तपासत निंदन." मग विळा माझ्याकडे सरकवत म्हणाली, "तासात नाई बसली तर इचारतीन सारे, मथुराबाई काहून नाई आली? काय सांगू? तानाबाईले काय सांगू? जाईन तर कुणी नाई इचारणार. घरी बसली की मंग समजते लोकाइले."

तिचं बरोबर होतं. कामावर असलेल्या बाईच्या हाताकडे कुणी पाहत नाही. ती तासात बसली की बाई, आणि बाहेर पडली की रोगी. आणि तिला तासात बसवून ठेवणारी एकच वस्तू होती, ती माझ्या हातात होती, आणि तीच तिचा हात खाऊन टाकणार होती. मी मूठ केली नाही तर ती बाजारातून घेईल. बाजारात तीच मिळते आता. माझीच.

मी माती मळायला घेतली. नवीन काहीतरी काढू, असं मनाला सांगत होते. पात्याशी एक आडवी पट्टी, म्हणजे बोट पुढं घसरायचं नाही. मुठीला जुन्या लुगड्याची गुंडाळी. गुंडाळी पांढरी घ्यायची, म्हणजे रक्त आलं तर दिसेल. दुखण्याचं काम रंगाकडून करून घ्यायचं. हे सगळं शहाणपणाचं होतं, पण नवी मूठ बसवताना आजवर मी जे विचारत आले ते आता कुणाला विचारू? कुठे दुखते, हे सांगायला तिथं कुणी उरलंच नव्हतं.

गोळा शेपटीला लावला. "धर माय."

तिनं पदर सावरला. नीट बसली. ओठ दाबले. मातीवर हात ठेवला आणि आवळला, असं तिच्या खांद्यावरून वाटलं; मानेच्या शिरा ताणल्या गेल्या. मी मातीकडे पाहत होते. अंगठा बुडाला. पहिलं बोट बुडालं. मधलं, अर्धं. पुढची दोन वाकडी होऊन मातीच्या वरच राहिली, जशी पाखरं तारेवर बसतात, कशालाही न धरल्यासारखी. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. मातीकडे नाही. माझ्या तोंडावरून उत्तर शोधत होती, सकाळी पापणीखालून शोधलं तसंच.

"दाबलं का मी?" तिनं विचारलं.

मी माझा हात तिच्या हातावर ठेवला. तिची दोन बोटं माझ्या बोटांखाली घेतली आणि दाबली. माझ्या मधल्या बोटाचा फोड तिच्या हाडावर आला, फुटला, आणि डोळ्यांत पाणी येईल इतका झोंबला. माती खाली हळूहळू आत गेली. एक खळगा. दुसरा खळगा.

"हाव माय," मी म्हटलं. "दाबलं."

"पाह्य," ती हसून म्हणाली. "अन् काईच दुखत नाई."